त्सुनामीनंतरची मदत आणि पुनर्वसन : पुण्यातून काम करू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

जानेवारी २००५ मध्ये पुण्याच्या मध्यवस्तीतील एका मंगल कार्यालयात आम्ही सहा जण सलग चार दिवस कपड्यांची गाठोडी सोडत बसलो होतो. तमिळनाडूतील नागपट्टिनमच्या त्सुनामीग्रस्तांसाठी लोकांनी मोठ्या मनाने आणून टाकलेल्या त्या ढिगात लोकरीचे स्वेटर होते, कानटोप्या होत्या, कुणाचा तरी जरीचा शालू होता, आणि एका पायातील चप्पल तर तीन वेगवेगळ्या गाठोड्यांतून निघाली. चार दिवसांच्या वेचणीनंतर ट्रकमध्ये चढवण्याजोगे जे उरले ते सभागृहाच्या एका कोपऱ्यात मावले. त्याच सुमारास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते आणि ते हटवण्याचे काम आधीच थकलेल्या यंत्रणेच्या अंगावर पडले होते.

भारताच्या किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी आली आणि पुण्यातील एखादे गणेश मंडळ, गृहनिर्माण संस्था किंवा महाविद्यालयातील गट मदतीला उभा राहिला, तर त्याने काय, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आधारे करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी आपत्तीचे स्वरूप समजून घ्या

२६ डिसेंबर २००४ च्या रविवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा भूकंपात समुद्राचा तळ उचलला किंवा खचला की त्यावरचा पाण्याचा संपूर्ण स्तंभ हलतो. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने जाते, पण तिची उंची इतकी कमी असते की होडीतल्या माणसाला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. निकोबार बेटांना सावरायला वेळच मिळाला नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा दोन तासांहून अधिक काळाने पोहोचल्या, तरी त्या येत आहेत हे सांगणारी व्यवस्था तेव्हा हिंदी महासागरात नव्हती. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. चौदा देशांत मिळून सुमारे २ लाख ३० हजार माणसे गेली. भारतात दहा हजारांहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांतील सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातील होते.

कोण गेले, हे पाहणे मदतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कितीतरी गावांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मृत्युमुखी पडल्या. पुरुष होड्या घेऊन खोल पाण्यात होते, तर स्त्रिया मासळी उतरवून घेण्यासाठी वाळूवर थांबल्या होत्या किंवा लेकरांना घेऊन घरी होत्या. त्यामुळे छावणीत तुम्हाला तान्ह्या मुलांचे एकटे बाप भेटतील, आणि स्वयंपाकाचे सामान देताना ते कोण वापरणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

दुसरा भेद पुणेकरांनी विशेष लक्षात ठेवावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आपल्या शहरात शिरलेले पाणी गोडे होते. ते ओसरल्यावर चिखल काढला की विहीर आणि जमीन पुन्हा वापरता येत होती. त्सुनामीचे पाणी मीठ सोडून जाते, आणि त्याचा त्रास पुढे काही हंगाम चालू राहतो.

पहिल्या आठवड्यात घरीच थांबा

ही सूचना तरुणांना पटत नाही, पण ती पाळावीच लागते. पहिल्या काही तासांत माणसे वाचवतात ती गावातलीच माणसे, मच्छीमार आणि शेजारी. त्यांच्यानंतर सैन्यदले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल पोहोचते. या दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे असते, म्हणजे पुण्याच्या परिसरातून प्रशिक्षित माणसे जाणारच आहेत. आपली गाडी त्यांच्या वाटेत उभी राहू नये, एवढीच त्या आठवड्यातील आपली जबाबदारी. शिवाय त्सुनामीच्या लाटा अनेक असतात, पहिलीच सर्वांत मोठी असेल असे नाही, आणि भूकंपाचे पुढचे धक्के दिवसेंदिवस चालू राहतात.

हा आठवडा वाया मात्र जाऊ देऊ नका. आपल्या गटातील तमिळ, तेलुगू, मल्याळम किंवा बंगाली बोलणाऱ्यांची यादी करा. पुण्यात अशी माणसे शोधावी लागत नाहीत, ती आपल्याच इमारतीत असतात. त्यांच्यापैकी एकाला बाधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे काम द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ असतो आणि बाहेरून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावावा लागतो. फोनवर तीनच गोष्टी विचाराव्यात : कोणत्या वस्तू हव्या आहेत, कोणत्या मुळीच नको आहेत, आणि माल कुणाच्या नावाने कुठे उतरवायचा. उत्तर देणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि वेळ वहीत लिहून ठेवावी, कारण चार दिवसांनी तेच उत्तर बदललेले असते.

याच काळात मृतदेहांमुळे रोगराई पसरते अशी अफवा हमखास फिरते. ती पुढे पाठवू नका. अपघाती मृत्यू आलेल्या धडधाकट माणसांच्या देहांमुळे साथी येत नाहीत. साथी येतात त्या दूषित पाण्यामुळे. घाईने, ओळख न पटवता केलेल्या सामूहिक दफनांचा फटका मात्र मागे राहिलेल्यांना बसतो, कारण मृत्यूचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय वारसांची कामे अडतात. बेपत्ता माणसाला मृत मानण्यासाठी कायद्यात एरवी सात वर्षांची मुदत आहे. सरकार अशा वेळी खास आदेश काढू शकते, पण त्यासाठीही फोटो, अंगावरच्या खुणा आणि पंचनामा लागतोच.

पैसे गोळा करताना

मला विचाराल तर पुण्यातून पाठवण्याची सर्वांत उपयोगी वस्तू पैसा हीच आहे. पैसा ट्रकमध्ये भिजत नाही, आणि त्याने तिथल्याच बाजारातून खरेदी झाली तर तिथल्या दुकानदाराचेही दुकान पुन्हा उघडते. पंतप्रधान किंवा संबंधित राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या सहायता निधीत थेट रक्कम भरणे सर्वांत सोपे. संस्थेला द्यायची असेल तर तिची नोंदणी आणि मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहावेत, आणि ती संस्था आपत्तीच्या आधीपासून त्या किनाऱ्यावर काम करीत होती का, हे अवश्य विचारावे. प्राप्तिकराची सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर ती मिळत नाही.

मंडळाच्या नावाने डबा फिरवणार असाल, तर गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जशी परवानगी घेता तशी याही कामासाठी घ्यावी. स्वतंत्र बँक खाते, क्रमांक घातलेली पावतीपुस्तके आणि दोघांच्या सहीने पैसे काढण्याची अट, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाकाव्यात. जमा झालेल्या रकमेतील निदान एक तृतीयांश भाग बाजूला ठेवावा आणि तो पहिल्या सहा महिन्यांत खर्च करायचा नाही असा ठराव करून ठेवावा. त्याचे कारण पुढे घरांच्या भागात आले आहे.

सामान पाठवायचेच असेल तर

नियंत्रण कक्षाने वस्तू मागितल्या असतील तरच हा भाग उपयोगाचा. नवी खरेदी करा. घरोघरी फिरून जमवू नका. एकसारख्या शंभर वस्तू वाटणे सोपे असते, शंभर प्रकारच्या वस्तू वाटताना भांडणे होतात. बादल्या, दोरी, ताडपत्री बोहरी आळीत घाऊक भावाने मिळते, भांडी तुळशीबागेत, आणि तांदूळ-डाळ मार्केट यार्डातील भुसार बाजारात.

तांदळाबाबत एक चूक आपण हटकून करतो. आपल्याला कोलम किंवा इंद्रायणी चांगला वाटतो, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील बहुतेक घरांत उकडा तांदूळ खातात. गव्हाचे पीठ तर पाठवूच नये. ज्या घरात पोळपाटच नाही त्या घराने, तेही छावणीत, कणकेचे काय करायचे?

पाच माणसांच्या कुटुंबासाठी एक संच करावा आणि तो संच झाकणाच्या वीस लिटरच्या बादलीतच भरावा, म्हणजे खोक्याचा खर्च वाचतो आणि बादली पाणी साठवायला राहते. त्यात पाणी काढायचा मग (मोठा पेला), दोन पातेली, झाकणी, पळी, पाच ताटल्या-पेले, चाकू, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, दोन सुती चादरी, दोन लुंग्या, दोन सुती साड्या, मच्छरदाणी, दहा मीटर नायलॉनची दोरी, बॅटरी आणि सॅनिटरी पॅडची पाकिटे असावीत. पॅड वेगळ्या अपारदर्शक पिशवीत घालावेत. वाटप बहुधा पुरुषांच्या हातून होते आणि रांगेत उभ्या असलेल्या बाईला ते उघडे हातात घेणे नको वाटते. औषधे, दुधाची भुकटी आणि शिजवलेले अन्न घालू नये.

बादलीचे झाकण बंद करण्यापूर्वी आतल्या वस्तूंची यादी वरच ठेवावी आणि झाकणाला चिकटपट्टीचे दोन आडवे, दोन उभे वेढे द्यावेत. एकच वेढा दिला तर सोलापूर येईपर्यंत झाकण उडते. बाहेर दोन बाजूंना तिथल्या भाषेत आणि इंग्रजीत आतल्या वस्तू, संचाचा क्रमांक आणि एकूण किती संचांपैकी कितवा हे लिहावे. केवळ मराठीत लिहिलेला माल तिकडच्या गोदामात कुणालाच वाचता येत नाही आणि तो उघडून पाहायला कुणाला सवड नसते. कोणताही नग पंचवीस किलोंपेक्षा जड असू नये, कारण उतरवायला हमाल मिळतीलच याची खात्री नसते.

पुण्याहून नागपट्टिनम बारा-तेराशे किलोमीटर आहे. ट्रकला दोन ते तीन दिवस धरा. सोबत बिल्टी (वाहतूकदाराची पावती), ई-वे बिल (जीएसटीचे ऑनलाइन वाहतूकपत्र), मालाची यादी आणि माल स्वीकारणाऱ्या कार्यालयाचे पत्र असावे. अंदमान-निकोबारसाठी माल चेन्नई, विशाखापट्टणम किंवा कोलकाता येथून जहाजाने जातो, आणि निकोबारमध्ये बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय प्रवेश नाही. तिथे पुण्याहून ट्रकभर माल पाठवण्याचा विचार सोडून देऊन पैसे द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

बोलावणे असल्याशिवाय जाऊ नये. गेल्यास स्वतःचे अंथरूण, पाण्याची सोय, जेवण आणि परतीचे पैसे बरोबर असावेत, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे आणि पायात जाड तळव्याचे बूट असावेत, कारण ढिगाऱ्यात गंजलेले खिळे आणि पत्रे असतात. ज्याला काही विशेष काम येते त्याचाच तिकडे खरा उपयोग होतो : परिचारिका, स्थापत्य अभियंता, नळजोडणी करणारा, होडीचे इंजिन दुरुस्त करणारा, हिशेबनीस. नुसतीच धावपळ करायला तयार असलेली माणसे तिथे गावातच पुष्कळ असतात.

मच्छीमारांच्या वस्तीला तिकडे कुप्पम म्हणतात आणि तिथले निर्णय वस्तीची पंचायत घेते. मिळालेली मदत सर्व कुटुंबांत सारखी वाटायची, असा पंचायतींचा आग्रह असतो, आणि तो मोडून कुणा एका विधवेच्या हातात थेट पाकीट देणारा पाहुणा मागे तंटा ठेवून जातो. याच व्यवस्थेची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. २००४ नंतर शेतमजूर, मिठागरांतील कामगार आणि दलित वस्त्या पंचायतीच्या यादीत नसल्यामुळे मागे राहिल्या. म्हणून पंचायतीला भेटल्यावर यादीत कोण नाही, हे शोधायला एक दिवस वेगळा ठेवावा.

छावणीचा हिशेब

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय आणि निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते. म्हणजे पाचशे माणसांच्या छावणीला रोज साडेसात हजार लिटर पाणी, पंचवीस शौचालये आणि १,७५० चौरस मीटर छप्पर. पुणेकराला दहा हजार लिटरचा टँकर चांगला ठाऊक असतो, त्यामुळे पाण्याचे गणित चटकन समजते. शौचालयांचे मात्र आपण विसरतो. स्त्रियांची शौचालये वेगळी, आतून कडी असलेली आणि रात्री दिवा असलेली हवीत, नाहीतर बायका अंधार पडेपर्यंत पाणी पिणे टाळतात.

होड्या, जाळी आणि खारी जमीन

होडी देणे देणगीदारांना फार आवडते. तिच्यावर नाव रंगवता येते आणि फोटो चांगला येतो. २००५ मध्ये याच आवडीपोटी काही ठिकाणी आधी होत्या त्यांहून अधिक फायबरच्या होड्या आल्या. ज्यांच्याकडे कधी होडी नव्हती त्यांनाही त्या मिळाल्या, वल्हवायला माणसे पुरेनात आणि किनाऱ्याजवळच्या मासळीवर ताण आला. म्हणून नवी होडी देण्याआधी दुरुस्तीला लागणारे इंजिनाचे भाग, जाळी आणि बर्फाच्या पेट्या यांची चौकशी करावी. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून मासेमारीला बंदी असते. सामान ती उठण्याआधी हातात पडले पाहिजे. मासळी विकणाऱ्या बायकांना टोपली, तराजू आणि थोडे खेळते भांडवल एवढेच लागते, पण मदतीच्या याद्यांत त्या बहुतेकदा नसतात.

शेतीचे नुकसान टीव्हीवर दिसत नाही. सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड जमीन ज्याने पाहिली आहे त्याला त्याची कल्पना येईल. शेतावर बसलेला गाळाचा थर आधी खरवडून काढावा लागतो. मग बांध घालून पावसाचे पाणी शेतात कोंडतात, मुरू देतात आणि चरांतून बाहेर सोडतात. गरजेप्रमाणे जिप्सम घालतात, आणि धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून ते फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडतात. तळी उपसून त्यांतील खारे पाणी काढावे लागते. एका गावासाठी धैंच्याचे बियाणे, चर खणायची मजुरी आणि माती-पाण्याची तपासणी हा खर्च एका होडीपेक्षा फार नसतो.

घरे

तमिळनाडूत पहिल्या काही महिन्यांत उभारलेले अनेक निवारे डांबरी पत्र्याचे होते आणि उन्हाळ्यात दिवसा त्यांत बसवत नव्हते. अंदमान-निकोबारमध्ये टिनाचे होते. आणखी एक गोष्ट पुण्यात बसून आपल्या ध्यानात येत नाही. आपला पाऊस जूनमध्ये सुरू होतो, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. डिसेंबरच्या आपत्तीनंतर पावसाळ्याला दहा महिने आहेत असे वाटते, पण त्या दहा महिन्यांत पक्की घरे होत नाहीत, आणि सखल जागेवरचे तात्पुरते निवारे पहिल्याच पावसात पाण्यात जातात. बाजूला ठेवलेला तो एक तृतीयांश पैसा अशा वेळी जोते उंच करायला, नवे पत्रे टाकायला आणि चर काढायला लागतो. तोवर देणगीदारांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते आणि नव्याने पैसे मागायला गेले तर दार उघडत नाही.

पक्क्या घरांबाबत तमिळनाडू सरकारने मार्च २००५ मध्ये धोरण काढले. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतील कुटुंबांनी मागे सरकून नवे घर घ्यावे, किंवा नको असेल तर आहे तिथेच राहावे पण सरकारी घर मिळणार नाही, असा त्याचा गाभा होता. कागदावर हे सोपे दिसते. परंतु मच्छीमाराला समुद्राचा रंग आणि वारा दारातून पाहायचा असतो, होडी नजरेसमोर हवी असते, जाळी पसरायला आणि मासळी वाळवायला अंगण हवे असते. किलोमीटरभर आत रांगेत बांधलेल्या घरांत यांतले काही नसते. निकोबारमध्ये तुहेत नावाची मोठी एकत्र कुटुंबे राहत. त्यांना चौकोनी कुटुंबाच्या हिशेबाने घरे मिळाली आणि एका घरातली माणसे विखुरली.

आपल्याकडे याची उजळणी झालेली आहे. पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांना निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छताच्या बराकींत ठेवले, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या, आणि पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्थांचा जागेच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके सरकारदरबारी फिरत राहिला. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. आमडे येथे नवे गाव २०१७ मध्ये वसले आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून घरे बांधण्यात सहभागी होणाऱ्या गटाने करार करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात : जमिनीचा सातबारासारखा तिथला उतारा आणि मालकी कुणाच्या नावे होणार, शक्यतो पती-पत्नी दोघांच्या नावे, भरावाची दबाई कशी केली व कुणी तपासली, जोत्याची उंची, पाण्याचा निचरा कुठे जातो, आणि घराचा नकाशा पाहून किती बायकांनी सूचना दिल्या. अंदमान-निकोबार भूकंपाच्या दृष्टीने देशातील सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात येते. तिथे जोते, लिंटेल (दार-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि छताच्या पातळीवरील काँक्रीटच्या पट्ट्या वगळून पैसे वाचवू देऊ नयेत.

शक्य असेल तिथे नमुना घर आधी एकच बांधावे आणि त्यात एका कुटुंबाला पावसाळाभर राहू द्यावे. ठेकेदार याला वेळेचा अपव्यय म्हणतात. छत कुठे गळते आणि चुलीचा धूर कुठे अडतो, हे मात्र त्या कुटुंबालाच आधी कळते.

इशारा आणि सराव

नवी वस्ती तयार झाली की उंच जागेकडे जाणारी वाट, दिशादर्शक पाट्या आणि वर्षातून एकदा सराव, यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात घालावा. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून मान्यता दिली. त्यांची पद्धत पाहून घ्यावी. आपल्या कोकणालाही हे लागू पडते, कारण नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती.

काम मिटवताना

सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षे झाल्यावर त्याच कुप्पममधील त्याच माणसाला फोन करावा आणि वहीत नोंद करावी. खाते बंद करताना जमाखर्च, बँकेचे उतारे आणि उरलेल्या रकमेचे काय केले याची टिपण प्रत्येक देणगीदाराला पाठवावी, अगदी पन्नास रुपयांची पावती असली तरी. आमच्या त्या सभागृहातील स्वेटर पुढे पुण्यातच रस्त्यावर झोपणाऱ्यांना वाटले गेले. जरीच्या शालूची मालकीण शेवटपर्यंत सापडली नाही, म्हणून तो वहीत स्वतंत्र ओळीवर लिहून कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे सही घेऊन ठेवला.